न सापडणारा जोड

या लिखाणात मी कुणाचंच नाव घेणार नाही. गाणाऱ्याचं नाही, ज्याची गाणी होती त्याचं नाही, आणि इंटरनेटवरचं आमचं पान वगळा म्हणून हट्ट धरून बसलेल्या माणसाचं तर मला ठाऊकच नाही. माझा भाऊ आयुष्यभर ज्या मोठ्या गायकाची गाणी गायला, त्याचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याच्या कानात लगेच तो आवाज सुरू होतो आणि मग माझ्या भावाबद्दल कुणी ऐकून घेत नाही. हे मी फार वेळा पाहिलं आहे. तेव्हा भावाला मी दादा म्हणेन, आणि त्या गायकाला दादाच्या ऑर्केस्ट्रातले लोक म्हणायचे तसं साहेब.

दादा आमच्या गावी, वडनेरला, वीज खात्यात वायरमन होता. खांबावर चढला की गायचा. खाली उभे असलेले लोक लाइन कधी येते याची वाट पाहत गाणं ऐकायचे, आणि काही जण तर म्हणायचे की हा गडी गाणं पुरं झाल्याशिवाय फ्यूज टाकत नाही. ते खोटं नव्हतं. साहेब गेल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा दादाची नोकरी नवीनच होती. त्या दिवशी तो जेवला नाही. आईनं ताट झाकून ठेवत विचारलं, तो मुंबईचा माणूस तुझा कोण लागत होता? दादा अंगणात जाऊन उभा राहिला आणि आईनं माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

पुढच्याच हिवाळ्यात त्यानं ऑर्केस्ट्रा काढला. गावातला ढोलकीवाला, एक बेंजोवाला, हिंगणघाटच्या शाळेतले अकॉर्डियन वाजवणारे मास्तर, आणि मंडप-लाउडस्पीकरचा धंदा करणारा आमचा माईकवाला. साहेबांची गाणी सोडून दुसरं काही गायचं नाही, असं ठरलं. ऑर्केस्ट्राला नावही साहेबांचंच दिलं. स्टेजच्या मधोमध, पडद्याच्या पुढे, एक रिकामी खुर्ची ठेवायची, तिच्यावर साहेबांचा हार घातलेला फोटो. पोस्टरवर फोटो साहेबांचा. निवेदन करणारा बोलणार तेही साहेबांबद्दलच. गाणाऱ्याचं किंवा वाजवणाऱ्याचं नाव स्टेजवरून एकदाही घ्यायचं नाही, हा नियम मात्र खास दादाचा. बाकीच्यांनी तो मान्य केला, कारण गळा त्याचा होता.

खरी गंमत पहिल्या गाण्यात असायची. पडदा बंद असायचा. माईकवाला साहेबांची रेकॉर्ड लावायचा आणि लोक ऐकत बसायचे. मग कुठल्या तरी ओळीवर तो रेकॉर्डचा आवाज हळूहळू उतरवत न्यायचा, पडद्यामागून दादा आपला आवाज चढवत न्यायचा, आणि ढोलकी-अकॉर्डियन खालून गाणं धरून घ्यायचे. गाणं संपलं की पडदा उघडायचा. तेव्हा कुठे लोकांना कळायचं की मघापासून आपण रेकॉर्ड ऐकतच नव्हतो. कधीपासून नव्हतो, ते कुणालाच सांगता यायचं नाही. त्या जागेला ही मंडळी जोड म्हणायची. वायरमनचाच शब्द तो. जोड कुठे होता यावरून कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टपरीवर भांडणं व्हायची. केळझरला गणपतीच्या दिवसांत एक वयस्कर गृहस्थ गाणं चालू असताना उठले आणि पडदा वर करून पाहायला निघाले. स्वयंसेवकांनी त्यांना दंडाला धरून परत आणून बसवलं. दादाला ती गोष्ट इतकी आवडायची की ती ऐकवताना तो त्या गृहस्थांची चाल करून दाखवायचा.

मला मात्र या सगळ्याचा राग यायचा. मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होते आणि मला सगळ्याच गोष्टींचा राग यायचा, हेही खरं. पण हा राग जुना झाला तरी गेला नाही. इतका जीव ओतून गायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या त्या फोटोकडे बघून! पेपरात कधी बातमी आलीच तर ‘साहेबांच्या गाण्यांनी रसिक मंत्रमुग्ध’ एवढंच. मंत्र कुणी म्हटला ते कुठेच नाही. नागपूरहून एक कॅसेटवाला आला होता, तुमचा आवाज टेप करू म्हणाला. दादानं त्याला चहा पाजला, साहेबांच्या कॅसेटी बाजारात मिळतात की, असं सांगितलं आणि वाटेला लावलं. त्या दिवशी मी त्याच्याशी कडाकडा भांडले. निदान निवेदकाला तुझं नाव तरी घेऊ दे, म्हटलं.

दादा सायकल पुसत होता. तो म्हणाला, “नाव घेतलं का लोक माणसाकडे पाह्यतात, बाई. मग गाणं कोण ऐकन?”

ते आठवलं की आजही राग येतो.

ऑर्केस्ट्रा नेमका कधी बंद पडला, सांगता येणार नाही. डीजे आले, लग्नातली ऑर्केस्ट्राची जागा गेली. गणेश मंडळांतली जुनी माणसं बाजूला झाली. माईकवाला कोरोनात गेला आणि मास्तर मुलाकडे पुण्याला राहायला गेले. दादा निवृत्त झाला तरी सकाळी देवघरासमोर बसून साहेबांचं एखादं गाणं म्हणायचा आणि वहिनी त्याला म्हणायची की देवाची आरती तेवढी साहेबांनी गायली नाही हे बरं झालं, नाहीतर तीच म्हटली असती. मग त्याचा आवाज बसायला लागला. तंबाखूचा खर्रा त्यानं कधी तोंडात घातला नाही, पण बिडी होती. गावातल्या डॉक्टरनं बरेच दिवस खोकल्याचं औषध दिलं. शेवटी मी वर्ध्याहून जाऊन त्याला रागावून सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात आणलं.

सावंगीला त्यांनी जे सांगितलं ते ऐकून वहिनीनं एकच विचारलं, गाता येईल का? तिथला तरुण डॉक्टर चांगला होता. त्यानं खाली न बघता सांगितलं की स्वरयंत्रच काढावं लागेल. दादानं मान डोलावली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तो काहीतरी गाईल असं मला वाटत होतं आणि मी त्याची वाट पाहत बसले होते. तो गायला नाही. त्यानं वहिनीला घरच्या मीटरचं बिल भरलं का ते विचारलं, आणि माझ्या आठवणीतलं त्याचं शेवटचं बोलणं ते आहे.

नंतर गळ्याला भोक आणि हातात पाटी. शाळेतल्या पोरांची असते तसली पाटी मीच आणून दिली होती. बोलायचं यंत्र बसवता येतं असं डॉक्टर म्हणाले, पण त्याआधीच दुखणं पुढे सरकल्याचं निघालं आणि मग सावंगीच्या वाऱ्या सुरू झाल्या. काही दिवस वॉर्डात, काही दिवस वर्ध्याला माझ्या घरी.

अशाच एका दुपारी तो वॉर्डात फोन घेऊन बसला होता. त्यानं ऑर्केस्ट्राचं नाव टाकून शोधलं. नाव साहेबांचंच, तेव्हा साहेब निघाले. साहेबांची गाणी, साहेबांचे फोटो, साहेबांच्या मुलाखती. दादा बोटानं खाली खाली सरकवत राहिला. बराच वेळ सरकवून त्यानं फोन माझ्यासमोर धरला आणि पाटीवर लिहिलं, ‘आपण कुठंच नाई.’

मला हे सहन झालं नाही. ज्यानं आयुष्यभर आपलं नाव लपवलं त्यानं आता स्वतःला शोधावं, याचं मला इतकं वाईट वाटलं की मी डबा धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि नळाखाली तोच डबा पुन्हा पुन्हा धूत राहिले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी विज्ञानाची शिक्षिका होते. निवृत्तीनंतर इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात लिहायला लागले, जिथे कुणीही लिहू शकतं आणि कुणीही खोडू शकतं. जिल्ह्यातली गावं, धरणं, झाडं यांवरची बरीच पानं माझ्या हातची आहेत. वडनेरचं पान मीच लिहिलं. तिथले नियम मला पाठ आहेत आणि आवडतातही, कारण ते नसते तर प्रत्येक सरपंचाचं पान झालं असतं. मुख्य नियम असा, की ज्याच्यावर पान लिहायचं ते उल्लेखनीय असलं पाहिजे, आणि उल्लेखनीय आहे हे आपण म्हणून चालत नाही. त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी, त्याच्याशी संबंध नसलेल्यानं, छापील काही लिहिलेलं असलं पाहिजे.

हे सगळं माहीत असून मी त्या संध्याकाळी घरी येऊन दादाच्या ऑर्केस्ट्राचं पान लिहिलं. छोटंसंच लिहिलं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं, खुर्ची, पडदा, जोड. संदर्भ म्हणून हाताशी असलेली एक पेपरची बातमी दिली. गायक माझा सख्खा भाऊ आहे, हेही त्या पानाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर लिहून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही आणि आमच्या घरात ती आधीच पुरेशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दादाला पान दाखवलं. त्यानं ते वाचलं, ढोलकीवाल्याच्या नावावर बोट ठेवून ते फोनवर मोठं करून पाहिलं, आणि मग स्वतःच्या नावावर आला. छापल्यासारखं दिसत होतं ते. त्यानं वहिनीला हाक मारण्यासाठी कॉटवर टिचकी वाजवली. त्या आठवड्यात तो इतक्या वेळा ते पान उघडून बघत होता की बाजूच्या कॉटवरच्या पेशंटला वाटलं, काका शेअरचे भाव बघतात.

मग पानावर वगळण्याची सूचना लागली.

सूचना लावणाऱ्या संपादकाचं टोपणनाव तेवढं दिसत होतं. मी त्याला मनातल्या मनात वगळणारे म्हणू लागले. वगळणाऱ्यांनी लिहिलं होतं, की हा दुसऱ्या कलावंताची गाणी सादर करणारा स्थानिक वाद्यवृंद आहे. मूळ कलावंत मोठा असला तरी त्याचं मोठेपण त्याची नक्कल करणाऱ्यांना वारशानं मिळत नाही. दिलेल्या बातमीत या वाद्यवृंदातल्या एकाही व्यक्तीचं नाव नाही. तरी पान वगळावं का, यावर मतं द्यावीत.

‘नक्कल’ हा शब्द वाचून माझं डोकं फिरलं. मी लांबलचक उत्तर लिहिलं. नक्कल करणारा स्वतः दिसायला धडपडतो, हा माणूस दिसू नये म्हणून धडपडला, वगैरे. लिहून झाल्यावर वाचलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यांचंच म्हणणं सिद्ध करते आहे, जो दिसलाच नाही त्याच्याबद्दल कुणी काय छापणार? तरी ते उत्तर मी टाकलंच. वगळणाऱ्यांनी शांतपणे लिहिलं, की आपलं म्हणणं पटतं, पण त्याला संदर्भ हवा.

दादा हे सगळं वाचत होता. त्याच्यापासून ते लपवायला हवं होतं असं लोक म्हणतील. पण त्याच्याकडे फोन होता, आणि दिवसभर दुसरं काही नव्हतं. त्यानं पाटीवर लिहिलं, ‘पान राह्यलं पाह्यजे.’ खाली एक सरळ रेघ ओढली.

आणि मग त्यानं मला न विचारता वडनेरच्या गावच्या ग्रुपवर ते पान टाकून दिलं. गाव धावून आलं. त्या शांत, सभ्य चर्चेच्या पानावर एकाच दुपारी नवी नवी खाती उघडून लोक यायला लागले. कुणी लिहिलं, पान ठेवा, आमच्या गावची शान आहे. एका निवृत्त कंडक्टरनं लिहिलं की मी स्वतः ऐकलं आहे, खोटं असेल तर माझं नाव बदला. एकीनं लिहिलं की आमच्या लग्नात गायले होते, संसार चांगला चालला आहे. कुणीतरी वगळणाऱ्यांना सरळ विचारलं, ‘तुले काऊन त्रास होऊन राह्यला बे?’ मी ते वाचून आधी हसले आणि मग डोकं धरून बसले, कारण पुढे काय होणार ते मला दिसत होतं. मतं मोजण्यासाठी नसतात तिथे, आणि बोलावून आणलेल्यांची तर नाहीतच. वगळणाऱ्यांनी एकेका मताखाली लिहिलं की हे खातं आजच उघडलेलं आहे. प्रचालकानं, म्हणजे शेवटचा निर्णय देणाऱ्यानं, ती मतं आडवी रेघ मारून बाद केली. आमचं अख्खं गाव असं ओळीनं खोडलेलं दिसत होतं.

केळझरचा एक जुना सदस्य मात्र मधे बोलला. लहानपणी आपण हा कार्यक्रम पाहिल्याचं त्यानं लिहिलं आणि विचारलं, की एखादं ध्वनिमुद्रण, एखादी चित्रफीत आहे का? त्यात गायक गाताना दिसला तर काहीतरी म्हणता येईल.

ढोलकीवाल्याच्या बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. तिची पुढे सीडी झाली होती आणि ती सीडी त्याच्या भाच्यानं फोनमध्ये घेऊन ठेवली होती. त्यानं ती मला पाठवली. मी हात धुऊन बसले बघायला. मंडप, खुर्च्या, धावणारी पोरं. मग स्टेज. रिकामी खुर्ची, साहेबांचा फोटो, बंद पडदा. गाणं सुरू होतं. कॅमेरावाला बायकांच्या चेहऱ्यांवरून फिरतो, एका म्हाताऱ्याची मान डुलताना दाखवतो, परत फोटोवर येतो. गाणं संपत येतं, आणि पडदा उघडणार तेवढ्यात नवरी मांडवात आली असावी, कारण चित्र एकदम वधूच्या मेंदीवर जातं. कॅसेट लग्नासाठी होती, ऑर्केस्ट्रासाठी नव्हती. पुढे दादा कुठेच नाही.

तरी मी ती चित्रफीत चर्चेत दिली. वगळणाऱ्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं. त्यांनी ती पूर्ण पाहिली होती. ‘यात मूळ गायकाची रेकॉर्ड वाजवली जात आहे. कुणीही प्रत्यक्ष गाताना दिसत नाही वा ऐकू येत नाही.’

त्यांची चूक नव्हती. दादानं जोड असा घातला होता की इतक्या वर्षांनी इअरफोन लावून ऐकणाऱ्या माणसालाही तो कळला नाही. याहून मोठी दाद त्याला कुणी दिली नसेल, आणि तिच्यामुळेच त्याचं पान जाणार होतं.

पण एक माणूस होता ना जोड दाखवू शकणारा. इथे रेकॉर्ड संपली, इथून मी, असं त्यानं दाखवलं तर मी दोन्ही आवाज शेजारी ठेवून फरक दाखवणार होते. विज्ञान शिकवलं होतं मी, काहीतरी मार्ग काढला असता. मी फोन घेऊन सावंगीला गेले. दादाला उशा लावून बसवलं, कानाशी फोन धरला, आणि म्हटलं, जोड आला की बोट वर कर.

गाणं सुरू झालं. त्यानं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला. गाणं संपलं तरी बोट वर झालं नाही. मला वाटलं रमला. पुन्हा लावलं. या वेळी कपाळाला आठी पडली. तिसऱ्यांदा त्यानं फोन स्वतःच्या हातात घेतला, कानाला घट्ट लावला. मग फोन खाली ठेवला, पाटी ओढली आणि लिहिलं, ‘सापडत नाई.’

तो आधी हसला. खरंच हसला. जन्मभर ज्याची धडपड केली ते साधलं होतं, आता त्याला स्वतःलाही साहेब कुठे संपतात ते कळत नव्हतं. मग ते हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याच्याकडे त्याचा आवाज आता तेवढाच उरला होता, त्या फोनमधल्या गाण्यात कुठेतरी, आणि तो कुठला ते त्याला सापडत नव्हतं. मी त्याची बहीण, मला काय सापडणार होतं? मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

वहिनी कॉटच्या पायथ्याशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. गाणं चुकून पुन्हा सुरू झालं होतं, ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. एकाएकी ती म्हणाली, “इथून हे.”

मी वळून पाहिलं. तिच्या हातात दादाचा सदरा अर्धवट घडी घातलेला होता.

मी विचारलं, तुला कसं कळलं? ती जराशी लाजली. म्हणाली, “साहेबायचं गाणं लागलं तं मी काम करत राह्यते, ताई. हे गायले लागले का माये हात थांबतात. पयल्यापासून तसंच आहे.”

माझा विश्वास बसला नाही. तो माझा स्वभाव. मी गाणं मागं-पुढं करून, मधूनच सुरू करून, तिला पाठमोरी बसवून पाहिलं. ती घड्या घालत राहायची आणि त्याच ओळीच्या त्याच शब्दाला तिचे हात थांबायचे. दर वेळी. मी कान फाटेस्तोवर ती जागा ऐकली. मला तिथे काहीही ऐकू आलं नाही. दादा वहिनीकडे पाहत होता. इतक्या वर्षांत तिनं हे त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं कधी विचारलंही नसावं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं होतं. त्यानं हात पुढे केला आणि तिनं तो सदरा त्याच्या हातात दिला. तिला वाटलं, त्याला सदरा हवा आहे.

मी हेही चर्चेत लिहिलं. जसं घडलं तसं, गाण्यातल्या त्या जागेच्या मिनिट-सेकंदांसह. वगळणाऱ्यांनी त्यावर उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. त्यांनी लिहिलं, ‘ताई, मी ती जागा ऐकली. मला फरक कळला नाही. आपल्या वहिनींचं म्हणणं खरं असेल यावर माझा विश्वास आहे. पण पत्नीचं सांगणं आपल्याला संदर्भ म्हणून घेता येत नाही, हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. हे आपण दुसरीकडे कुठेतरी लिहावं असं वाटतं.’

मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या आणि देता आल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं, बहुधा इतक्या मायेनं लिहिलं नसतं.

पान वगळलं गेलं. त्या जागी आता ‘या नावाचा लेख नाही’ असं दिसतं. दादाला मी ते सांगायला गेले तेव्हा त्यानं आधीच पाहिलेलं होतं. फोन उशीखाली होता. मी नियमांना, ज्ञानकोशाला, पेपरवाल्यांना, त्या कॅमेरावाल्याला, सगळ्यांना बोलले. बोलता बोलता त्यालाही बोलले, की एकदा तरी नाव घेऊ दिलं असतंस तर आज पेपरात कुठेतरी सापडलं असतं. आजारी माणसाला असं बोलू नये. पण मला त्याचा इतका राग आला होता आणि तो जाणार आहे याचं इतकं दुःख होत होतं, की दोन्ही एकदमच बाहेर आलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पाटीवर लिहिलं, ‘गाणं तं ऐकलं लोकायनं.’ थोड्या वेळानं ते पुसून लिहिलं, ‘तू लिहिलं होतं ते मले आवडलं.’

त्यानंतर त्यानं फार काही लिहिलं नाही. उन्हाळा लागायच्या सुमारास तो गेला. वडनेरला नेलं तेव्हा ढोलकीवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की साहेबांचं गाणं लावायचं का. मी नको म्हटलं. त्यानं तरीही लावलं, आणि मग मला ते बरं वाटलं.

वहिनी आता वडनेरच्या घरी असते. मी मधूनमधून जाते. तिच्या फोनमध्ये ते लग्नातलं गाणं मी घालून दिलं. देताना म्हटलं, सुरुवातीचा रेकॉर्डचा भाग कापून टाकते, म्हणजे फक्त दादाचा आवाज राहील. तिला ते पटलं नाही. “साहेबायले काऊन कापता?” म्हणाली. मग तसंच राहू दिलं.

मागच्या महिन्यात गेले होते. सकाळी ती ज्वारीच्या भाकरी करत होती. ओट्यावर फोन ठेवून गाणं लावलेलं होतं. मी दाराशी बसून लसूण सोलत होते. शेजारची एक नवी सून विरजण मागायला आली. गावात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. ती वाटी धरून ऐकत उभी राहिली आणि साहेबांचं पूर्ण नाव घेऊन म्हणाली, “काकू, हे त्यायचंच गाणं होय ना? माया बाबालेही लय आवडते.”

मी तोंड उघडलं होतं. सगळं सांगणार होते, पडदा, खुर्ची, जोड, सगळं. पण वहिनी माझ्या आधी बोलली.

“हो,” ती म्हणाली. “साहेबायचंच.”

तिनं तव्यावरच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवला, ती उलटली, दुसरा गोळा घेऊन थापायला लागली. ती मुलगी आपल्या वडिलांबद्दल काहीतरी सांगत होती. गाणं त्या ओळीवर आलं, आणि वहिनीचे हात पिठात थांबले. मुलगी बोलतच होती. तव्यावरच्या भाकरीला काळे डाग पडायला लागले, मग धूर यायला लागला. वहिनी हलली नाही. मी उठले आणि गॅस बंद केला.